मद्यपाशी माणसाचा स्वभाव आणि पिण्याच्या रीती

पवित्र शास्त्रात मद्याने धुंद झालेल्या माणसाची पहिली नोंद एका नीतिमान पुरुषाच्या नावावर आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात जलप्रलयातून वाचलेला नोहा द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पितो आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडतो. आपल्या पिढीत ज्याच्यासारखा सात्त्विक दुसरा नव्हता, तोच हा नोहा. उलट नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीस जो मद्यपी रंगवला आहे तो तंटेखोर आहे, त्याचे डोळे लाल आहेत, अंगावर विनाकारण झालेल्या जखमा आहेत, आणि शुद्धीवर येताच तो पुन्हा पेला शोधणार आहे. आपल्या मंडळ्यांत मद्यपी म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो हा दुसरा. पहिला आपल्याला आठवत नाही; आठवलाच तर शेम आणि याफेथ ह्यांच्याप्रमाणे आपणही पाठमोरे होऊन त्याच्यावर वस्त्र टाकतो. त्यांनी ते आदराने केले होते. आपण लाजेने करतो.

मद्यपाशात सापडणाऱ्या माणसाचा काही ठराविक स्वभाव असतो काय, आणि त्याच्या पिण्याची रीत त्याच्या स्वभावावरून ओळखता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मला हा प्रश्न प्रथम ग्रंथांतून पडला नाही. तो घरातून आला.

घरातील हकिगत

माझे थोरले बंधू. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नाव मात्र देत नाही, कारण ज्या समूहात ते जातात तेथील रीतच तशी आहे. नगर जिल्ह्यातील एका शाळेत त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले आणि रविवारच्या उपासनेत पेटी वाजवली. आवाज चढवून बोलताना त्यांना कोणी पाहिले नाही. मुलांवर त्यांनी हात उगारला नाही, पगार वहिनींच्या हाती देण्यात कधी चुकारपणा केला नाही, आणि रस्त्यात झोकांड्या खाताना तर ते कधीच कोणाला दिसले नाहीत. ते रोज पीत असत. प्रथम रात्री जेवणापूर्वी पाव बाटली, पुढे शाळा सुटल्यावर थोडी, आणि निवृत्तीनंतर सकाळी चहाच्या आधी एक घोट, हात स्थिर राहावा म्हणून. 'दादा घेतो, पण तो दारुडा नाही', असे आमची आई शेवटपर्यंत म्हणत असे, आणि ती खोटे बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढचा दारुडा दादांसारखा नव्हता.

२००९ च्या पावसाळ्यात अंगणात पाय घसरून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. इस्पितळात दाखल करतानाचा अर्ज मी भरला. वय, मधुमेह, रक्तदाब, आधीचे आजार, आणि एका ओळीत व्यसने. माझ्यामागे मंडळीतील दोन वडीलजन उभे होते. मी त्या ओळीत 'नाही' असे लिहिले.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम सुटला, हातांना कंप सुरू झाला. ताप भरत असावा असे आम्हांस वाटले. तिसऱ्या रात्री दादा मोडलेल्या पायानिशी खाटेवरून उठू पाहू लागले. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत असे सांगू लागले. वहिनींना त्यांनी ओळखले नाही. आमच्यापैकी एकाने भूतबाधेची शंका काढली आणि खाटेभोवती प्रार्थना सुरू झाली. रात्रपाळीवरील एका तरुण डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेले आणि एकच प्रश्न विचारला: हे रोज किती घेतात?

जो माणूस वर्षानुवर्षे रोज पितो त्याचे मज्जासंस्थेचे सारे काम मद्य आहे असे धरूनच चाललेले असते. मद्य एकाएकी थांबले की काही तासांतच कंप, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो. वैद्यकात त्याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. त्यावर उपचार आहेत: शामक औषधे, शिरेतून द्रव आणि ब-१ जीवनसत्त्व. पण उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो. दादा वाचले, ते त्या डॉक्टरांच्या प्रश्नामुळे. माझ्या अर्जामुळे ते जवळजवळ गेलेच होते.

इंदिरानगर येथील समूह

२०११ साली माझा पुतण्या दादा व वहिनींना बंगळूरला घेऊन गेला. त्याचे घर इंदिरानगर येथे. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तेथील मेट्रो सुरू झाली. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की तेथील शंभर फुटी रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांत पबांची आणि जागेवरच बिअर गाळणाऱ्या उपाहारगृहांची किती दाटी आहे. संध्याकाळी संगणकक्षेत्रातील तरुण मुले-मुली कार्यालयातून थेट तेथे येतात. मद्य सोडू पाहणाऱ्या माणसाला नेऊन ठेवावे अशी ही वस्ती नव्हे, असे मी पुतण्याला बोललोही होतो. परंतु दादांना समूह मिळाला तो तेथेच.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए. ए., ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन ह्या गावी बिल विल्सन आणि डॉ. रॉबर्ट स्मिथ ह्या दोन मद्यपाशी गृहस्थांच्या भेटीतून उभी राहिली. भारतात ती १९५७ साली मुंबईत आली. तिच्या खुल्या सभेला कोणीही जाऊ शकतो; बंद सभा फक्त ज्यांना पिण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी असते. वर्गणी नाही, सभासदांची यादी नाही. खर्च सभासदच आपसांत काढतात आणि बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासदत्वाची अट एकच, पिणे थांबवण्याची इच्छा. दादांबरोबर मी काही खुल्या सभांना बसलो. तेथे जे ऐकले ते तेथेच ठेवावयाचे असते, म्हणून कोणाचीही कहाणी मी येथे सांगणार नाही. एवढे मात्र सांगतो, की पहिल्या सभेत मी खुर्च्यांकडे पाहून मनातल्या मनात अंदाज बांधीत होतो: हा पिणारा, ही कोणाची तरी पत्नी, हे बहुधा सूत्रसंचालक. माझे बहुतेक सर्व अंदाज चुकले. बडबडे होते, मुखदुर्बळ होते. शिस्तीचे होते, उधळे होते. कित्येक वर्षे तुरळकच पिऊन एकाएकी कोसळलेले होते, आणि दादांसारखे कधीच न कोसळलेलेही होते. त्यांच्यात समान काय आहे हे मला त्यांच्या स्वभावात शोधून सापडेना.

पुढे वाचन केले तेव्हा कळले की हा शोध माझ्या आधी पुष्कळ विद्वानांनी घेतला होता, आणि त्याची सुरुवात ए. ए. च्याच सभासदांपासून झाली होती.

जेलिनेक ह्यांचे अर्ज

१९४० च्या दशकात ए. ए. च्या मासिकाने आपल्या सभासदांसाठी एक प्रश्नावली काढली: पहिली शुद्ध कधी हरपली, चोरून पिणे कधी सुरू झाले, सकाळचा पेला कधी, नोकरी कधी गेली, इत्यादी. आलेल्या उत्तरांचा अभ्यास ई. एम. जेलिनेक ह्या संशोधकाकडे आला. परत आलेल्या १५८ अर्जांपैकी त्यांनी अखेर ९८ वापरले. स्त्रियांचे अर्ज पुरुषांच्या अर्जांहून फार वेगळे निघाले म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले! १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या ९८ पुरुषांच्या उत्तरांतून मद्यपाशाच्या उतरणीचे जे चित्र तयार झाले ते पुढे जगभर, आपल्याकडील व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवरील तक्त्यांपर्यंत, पोहोचले. जेलिनेक ह्यांनी नंतर आणखी दोन हजारांवर सभासदांची माहिती जमवून ते वाढवले; पण पाया तोच.

ह्या थोर अभ्यासकाचा प्रामाणिकपणा असा की त्यांनीच पुढे आपल्या चित्राची मर्यादा दाखवली. १९६० च्या ग्रंथात त्यांनी मद्यपाशाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांना, प्रकटीकरणाच्या वाचकांना निदान पहिले तरी ओळखीचे असलेल्या, ग्रीक अक्षरांची नावे दिली. अल्फा म्हणजे मनाचे दुखणे शमवण्यासाठी पिणारा. त्याचा पेल्यावरचा ताबा अजून सुटलेला नाही. बीटा म्हणजे ज्याला ओढ नाही, पण रूढीने पिऊन व धड न जेवून ज्याचे यकृत किंवा जठर बिघडले आहे असा. गॅमा म्हणजे एक पेला घेतला की दुसऱ्यावर ताबा न राहणारा. तो मध्ये काही आठवडे कोरडा राहू शकतो, पण सुरू केले की थांबू शकत नाही. डेल्टा ह्याच्या उलट: किती प्यावे ह्यावर त्याचा ताबा असतो, पण एक दिवसही न पिता राहणे त्याला शक्य नसते. जेवणासह द्राक्षारस घेणाऱ्या फ्रान्ससारख्या देशात हा प्रकार अधिक, असे जेलिनेक ह्यांचे निरीक्षण होते. आणि एप्सिलॉन म्हणजे महिनोन्महिने स्वच्छ राहून मग काही दिवस अखंड पिणारा. ए. ए. मध्ये बहुसंख्य गॅमा होते. त्यामुळे मद्यपाशाचे सर्वसाधारण चित्र त्या सभासदांच्याच प्रतिमेत घडले, आणि इतर प्रकार त्या चित्रात ओळखू आले नाहीत, हे जेलिनेक ह्यांनी मान्य केले.

हे वाचताना मला दादा आठवले. ते डेल्टा. आमच्या आईच्या मनातील दारुडा गॅमा.

पाच खाने आजचे वैद्यक जसेच्या तसे वापरत नाही, आणि एकच माणूस आयुष्यात एका खान्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. तरीही पिण्याची रीत आणि माणसाची भीषणता ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावयास ते पुरेसे आहेत. आपल्या देशातील रीतही ध्यानात घ्यावी. भारतात नोंद होणाऱ्या मद्याचा फार मोठा वाटा कडक मद्याचा आहे. जेवणाबरोबर सावकाश घेण्यापेक्षा जेवणाआधी लवकर चढावी म्हणून घेणे अधिक. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना त्याबाबत मदतीची गरज आहे. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. स्त्रियांचा आकडा लहान आहे म्हणून त्यांचे दुःख लहान नाही. जेलिनेक ह्यांनी बाजूला ठेवलेले अर्ज आपल्या समाजात अजून बाजूलाच पडलेले आहेत, कारण ते भरावयास कोणी पुढेच येत नाही.

स्वभावाचा शोध

मराठी वाचकांना ह्या विषयाचा पहिला धडा गडकऱ्यांनी दिला. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' नाटकात दोन पिणारे आहेत. सुधाकर बुद्धिमान, मानी, अपमानाने घायाळ झालेला वकील. तळीराम हा मौजेने पिणारा, पिण्याचे तत्त्वज्ञान करणारा, मंडळ काढणारा. दोघांचे स्वभाव इतके भिन्न की एकाच आजाराचे ते रोगी वाटू नयेत. दोघेही मरतात. गडकऱ्यांनी स्वभावाला कारण म्हणून दाखवले असेल, पण शेवट स्वभावावर सोडलेला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मानसशास्त्रज्ञ मात्र बराच काळ 'मद्यपी व्यक्तिमत्त्व' शोधत राहिले. ए. ए. चे आरंभीचे स्नेही, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हॅरी टिबाऊट ह्यांना आपल्या रुग्णांत अहंता, अधीरपणा आणि कोणाचेही न ऐकण्याची वृत्ती वारंवार दिसली. इतरांना अवलंबित्व दिसले, कोणाला लाजाळूपणा. अडचण अशी की हे सर्व रुग्ण मद्यपाशात पुरते रुतल्यावर तपासलेले होते. जॉर्ज व्हेलंट ह्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही अडचण दूर केली. हार्वर्डमधील २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले ह्यांची माहिती ती तरुण असतानापासून, मद्यपाश जडण्याच्या आधीपासून, जमवलेली होती. पुढे ज्यांना मद्यपाश जडला ते आधीपासून अधिक दुबळ्या किंवा दुःखी मनाचे होते असे त्यांना आढळले नाही. घराण्यातील मद्यपाश आणि समाजातील पिण्याची रीत ह्या दोन गोष्टी मात्र पुष्कळ काही सांगत होत्या. चिडखोरपणा, अवलंबून राहणे, खोटेपणा, उदासी ही बहुतांशी पिण्याची फळे होती. आपण फळाला मूळ समजत होतो.

ह्याचा अर्थ स्वभावाला काहीच महत्त्व नाही असा नव्हे. रॉबर्ट क्लोनिंजर ह्यांनी स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदींवरून १९८० च्या दशकात दोन प्रकार मांडले. एकात मद्यपाश साधारणपणे पंचविशीनंतर जडतो; माणूस काळजी करणारा, इतरांच्या मनाला जपणारा, पिऊन अपराधी वाटणारा असतो. दुसऱ्यात तो कोवळ्या वयात, बहुधा पुरुषांत, सुरू होतो. माणूस धाडसी, उतावळा, नवे काही शोधणारा, कायद्याशी झटापट करणारा असतो, आणि बापाकडून मुलाकडे वारसा जोराने येतो. प्रत्यक्षातील पुष्कळ माणसे ह्या दोन्हींच्या मध्येच कोठेतरी बसतात. इंदिरानगरपासून फार दूर नसलेल्या, होसूर रस्त्यावरील निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेत डॉ. विवेक बेनेगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपाशी घराण्यांतील, पण स्वतः मद्याला न शिवलेल्या मुलांचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अशा मुलांत उतावीळ, अनावर वर्तन अधिक दिसते आणि मेंदूच्या काही भागांच्या आकारातही फरक आढळतो. अशी मुले आपल्या रविवारच्या शाळेतही आहेत. वर्गात बसवत नाही म्हणून आपण त्यांनाच प्रथम बाहेर उभे करतो.

मग ज्याचा जसा स्वभाव तसा त्याला उपचार द्यावा, हे ओघाने आले. अमेरिकेत ह्याच अपेक्षेने 'प्रोजेक्ट मॅच' हा मोठा प्रयोग झाला: १,७२६ रुग्ण, तीन प्रकारचे उपचार, त्यांपैकी एक ए. ए. च्या बारा पायऱ्यांकडे नेणारा. निष्कर्ष १९९७ साली आले. तिन्ही उपचारांनी लोक सुधारले, आणि स्वभाव पाहून उपचार जुळवल्याने अपेक्षित फरक जवळजवळ पडला नाही. दोन अपवाद मला उल्लेखनीय वाटतात. रागीट रुग्णांना, त्यांच्याशी वाद न घालता त्यांच्याच इच्छेला जागे करणारा उपचार अधिक मानवला. आणि ज्यांचे मित्रमंडळ पिणाऱ्यांचे होते त्यांना, तीन वर्षांनी पाहता, ए. ए. चा मार्ग अधिक उपयोगी पडला होता. शंभर फुटी रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. त्याचा स्वभाव बदलेल तेव्हा बदलेल; शुक्रवारच्या संध्याकाळी जाण्यासाठी त्याला दुसरी एक जागा आणि दुसरी माणसे हवी आहेत. २०२० साली कॉक्रेन ह्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती एकत्र करून दाखवले की, पूर्ण व अखंड मद्यमुक्तीच्या कसोटीवर ए. ए. कडे नेणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात.

होकार आणि शरणागती

टिबाऊट ह्यांची एक गोष्ट मात्र काळाच्या ओघात टिकली आहे, आणि ख्रिस्ती वाचकाने ती अवश्य समजून घ्यावी. वरवरचा होकार आणि खरी शरणागती ह्यांत त्यांनी भेद केला. होकार देणारा माणूस भांडत नाही. तो मान डोलावतो, सर्व कबूल करतो, आणि आतला एक कोपरा राखून ठेवतो.

दादांनी पाळकसाहेबांपुढे शास्त्रावर हात ठेवून तीनदा शपथ घेतली होती. तिन्ही वेळा मी साक्षीला होतो. ते अत्यंत नम्रपणे शपथ घेत, पाळकसाहेब सद्गदित होत, आणि आठवड्याच्या आत सर्व पूर्ववत होई. आम्ही त्याला ढोंग म्हटले. आता मला वाटते, ढोंग नव्हते. कोणाचे मन न मोडण्याचा तो त्यांचा आयुष्यभराचा स्वभाव होता. भांडखोर माणसाने निदान 'नाही' तरी म्हटले असते, आणि आम्ही जागे झालो असतो. सौम्य माणसाचा सौम्यपणाच त्याचा आडोसा झाला. शिवाय तिसरी शपथ त्यांनी खरोखरच पाळली होती, तब्बल दीड दिवस. घाम आणि कंप सुरू झाल्यावर ती मोडली. आम्हा कोणालाच माहीत नव्हते की रोज पिणाऱ्याने वैद्याच्या देखरेखीवाचून एकाएकी थांबणे हा श्रद्धेचा नव्हे, देहाचा प्रश्न आहे, आणि त्यात जिवाला धोका असतो. आजही उपवास-प्रार्थनेच्या मेळाव्यांत अशा माणसांकडून त्याच रात्री मद्य सोडवले जाते. सोडवावे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इस्पितळात घेऊन जावे.

महिनोन्महिने कोरडे राहून मग काही दिवस पिणाऱ्याच्या बाबतीत आपली चूक वेगळी असते. तिसऱ्या महिन्यात आपण त्याला साक्ष देण्यासाठी व्यासपीठावर चढवतो. त्याच्या रीतीप्रमाणे तो अजून आपल्या नेहमीच्या कोरड्या काळातच असतो. पुढे तो घसरला की लोकांना तोंड दाखवणे त्याला अशक्य होते, आणि ज्या दारातून त्याने परत यावे तेच दार त्याला सर्वांत जड वाटते. ए. ए. मध्ये घसरलेला माणूस पुढच्या सभेला येऊन पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. आपल्याकडे अशी काही सोय नाही.

ए. ए. ही ख्रिस्ती संस्था नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणत्याही धर्माचा आणि कोणताही धर्म न मानणारा तेथे बसतो. तिची पाळेमुळे मात्र आपल्या ओळखीची आहेत. तिचे संस्थापक लुथरन पाळक फ्रँक बुकमन ह्यांच्या ऑक्सफर्ड ग्रुपमधून आले, आणि ॲक्रनच्या आरंभीच्या सभासदांना डोंगरावरील प्रवचन, पहिल्या करिंथ पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचे पत्र हे भाग इतके प्रिय होते की संघटनेला याकोबाचे नाव द्यावे अशीही सूचना झाली होती. एकमेकांजवळ पातके कबूल करण्याविषयी याकोब पाचव्या अध्यायात जे सांगतो ते चौथ्या आणि पाचव्या पायरीत प्रत्यक्ष केले जाते: आपल्या स्वभावाचा लेखी हिशेब मांडावयाचा आणि तो दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवावयाचा. स्वभावाचा विचार येथे येतो तो असा. तू कोणत्या प्रकारचा आहेस असे प्रवेशाच्या वेळी विचारले जात नाही. मद्य सुटल्यावर ज्याचा त्याने आपला हिशेब करावयाचा असतो. वैद्यही हाच क्रम पाळतात. पिणे थांबून काही आठवडे गेल्याशिवाय उदासी किंवा स्वभावदोष ह्यांचे निदान करू नये असे ते मानतात, कारण तोवर मद्यच बोलत असते.

महाराष्ट्रात ह्या कामाला वाहून घेतलेल्या संस्था आहेत. वांद्रे येथे १९८१ साली फादर ज्यो परेरा ह्यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले धर्मगुरू आहेत आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. पुण्यात डॉ. सुनंदा व अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले. अशा केंद्रांतून बाहेर पडल्यावर खरे वर्ष सुरू होते, आणि ते वर्ष माणूस आपल्या मंडळीत काढतो.

तेथे प्रभुभोजनाचा पेलाही असतो. अमेरिकेतील मेथडिस्ट पंथाचे थॉमस वेल्च ह्यांनी १८६९ साली न आंबवलेला द्राक्षांचा रस टिकवण्याची युक्ती काढली ती ह्याच पेल्यासाठी, आणि अनेक मंडळ्या आज तोच वापरतात. ज्या वापरत नाहीत त्यांच्या पाळकांनी मद्य सोडलेल्या सभासदाशी आधीच एकांतात बोलून ठेवावे. दादा बंगळूरला गेल्यावर कित्येक महिने प्रभुभोजनाच्या रविवारी उपासनेलाच गेले नाहीत. कोणाला कारण विचारावेसे वाटले नाही, आणि त्यांनी ते आपण होऊन सांगणे शक्यच नव्हते. अखेर वहिनींनी सांगितले. वहिनी अल-ॲनॉनच्या, म्हणजे मद्यपाशी माणसांच्या कुटुंबीयांच्या, सभांना जाऊ लागल्या होत्या आणि बोलावयास शिकल्या होत्या.

गेल्या वर्षी दादांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मी बंगळूरला गेलो होतो. आता त्यांना समोरचे अक्षर नीट दिसत नव्हते, म्हणून इस्पितळातील अर्ज मी पुढे ओढला आणि लेखणी काढली. व्यसनांच्या ओळीशी येताच माझा हात थांबला. दादांनी माझ्या हातातून लेखणी घेतली, कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले: मद्य, २००९ पर्यंत रोज, नंतर नाही. मग त्यांनी मला विचारले, 'स्पेलिंग बरोबर आहे ना रे?'